एका इन्सुलिनच्या रेणूचा प्रवास: पेशीत कोण कोणाला चिकटतं आणि कधी सुटतं

गालाच्या आतल्या बाजूने स्वच्छ काडी हलकेच फिरवायची, ती काचपट्टीवर पुसायची, मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. पेशीशी बहुतेकांची पहिली भेट अशीच होते. मधोमध गडद निळा ठिपका दिसतो, ते केंद्रक. कडेची पुसट रेघ म्हणजे पेशीपटल. आणि या दोन्हींच्या मधली सगळी जागा फिकट, जवळजवळ रिकामी.

ती रिकामी नाही. पुढे विद्यापीठात पेशीविज्ञान आणि रेण्वीय जीवशास्त्र शिकताना जो गोंधळ उडतो, त्यातला निम्मा तरी या फिकट जागेने घातलेला असतो, असं मला वाटतं. पुस्तकातल्या आकृतीतही तेच असतं: मोकळ्या पाण्यात तरंगणारी पाच-सहा अंगकं, प्रत्येकाला एक बाण आणि बाणाच्या टोकाला नाव. तंतुकणिका म्हणजे ऊर्जाकेंद्र, गॉल्गी म्हणजे पॅकिंग विभाग, रायबोसोम म्हणजे प्रथिनांचा कारखाना. नावं पाठ होतात, परीक्षा पार पडते आणि पेशी काही कळत नाही.

प्रत्यक्षात पेशीच्या आतली २० ते ३० टक्के जागा नुसत्या मोठ्या रेणूंनी, म्हणजे प्रथिनं, आरएनए वगैरेंनी अडवलेली असते. शेजारच्या दोन प्रथिनांमध्ये अनेकदा आणखी एखादंच प्रथिन मावेल एवढी फट उरते. शिवाय यातलं काहीच स्वस्थ नसतं. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धडका देत असतात आणि त्या धक्क्यांनी प्रत्येक रेणू सतत थरथरतो, गिरक्या घेतो, सरकतो. मध्यम आकाराचं प्रथिन असं भरकटत भरकटत काही सेकंदांत पेशीच्या या टोकापासून त्या टोकाला पोचतं. कुठे जायचंय हे त्याला ठाऊक नसतं. सांगणारंही कोणी नसतं. पेशीत मुकादम नाही.

मग इतकी शिस्तबद्ध कामं होतात कशी? पेशीतली कुठलीही घटना समोर आली की दोनच प्रश्न विचारायचे: इथे कोण कोणाला चिकटतं? आणि चिकटलेलं सुटतं कधी? पहिला प्रश्न बहुतेक जण विचारतात. दुसरा राहून जातो, आणि खरी गंमत त्या दुसऱ्यातच आहे.

हे नुसतं सांगून पटणार नाही. एका रेणूच्या मागे लागून बघू या. इन्सुलिन घेऊ. प्रथिनांच्या मानाने ते अगदी चिमुकलं आहे, अवघ्या ५१ अमिनो आम्लांचं. २१ अमिनो आम्लांची ए साखळी आणि ३० ची बी साखळी अशा दोन साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात. त्यातली अमिनो आम्लं नेमकी कोणत्या क्रमाने लागलेली आहेत हे फ्रेडरिक सँगर यांनी शोधून काढलं. १९५५ पर्यंत पूर्ण रचना हाती आली आणि १९५८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. प्रत्येक प्रथिनाला स्वतःचा ठरलेला क्रम असतो, हे आज आपण गृहीतच धरतो. ते पहिल्यांदा पक्कं झालं ते या रेणूवर.

जनुक सगळ्यांकडे, वाचन एकीकडेच

इन्सुलिन बनतं स्वादुपिंडातल्या बीटा पेशींत. त्याचं जनुक मात्र तुमच्या त्वचेच्या पेशीतही आहे, यकृताच्या पेशीतही आहे, ११व्या गुणसूत्रावर त्याच जागी, त्याच अक्षरांत. मग ते तिथे गप्प का?

माणसाच्या एका पेशीतला सगळा डीएनए सरळ करून जोडला तर साधारण २ मीटर भरेल. तो ज्या केंद्रकात बसवलेला असतो त्याचा व्यास मीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही सहसा कमीच असतो. त्यामुळे डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, एकेका रिळावर सुमारे १४७ अक्षरजोड्या. घट्ट गुंडाळलेलं जनुक वाचता येत नाही, कारण वाचणाऱ्या विकराला (एन्झाइमला), आरएनए पॉलिमरेजला, तिथे चिकटायला जागाच मिळत नाही.

बीटा पेशीत पीडीएक्स-१ सारखी काही प्रथिनं असतात. त्यांच्या पृष्ठभागाचा आकार आणि त्यावरचे विद्युतभार इन्सुलिन जनुकाच्या अलीकडच्या अक्षरक्रमाशी जुळतात. गुंडाळी मधूनमधून थोडी सैल होत असते. तेवढ्या संधीत यातलं एखादं प्रथिन तिथे चिकटतं. एकट्याची पकड कच्ची असते, क्षणात सुटते. पण तीन-चार जण शेजारी शेजारी चिकटले की ते एकमेकांनाही धरतात, रिळं बाजूला सरकवणाऱ्या यंत्रणांना जागा करून देतात, आणि भटकत आलेलं पॉलिमरेज तिथे टिकून राहतं. जनुक ‘चालू झालं’ असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे दिव्याचं बटण येतं. ते विसरा. तिथे टिकून राहण्याची शक्यता वाढली, एवढंच घडलेलं असतं. त्वचेच्या पेशीत ही प्रथिनंच नाहीत, म्हणून तिथलं जनुक मुकं.

पॉलिमरेज पुढे सरकत जातं आणि डीएनएवरून आरएनएची प्रत निघते. हे प्रतिलेखन. ही पहिली प्रत कच्ची असते. इन्सुलिनच्या जनुकात कामाचे तीन तुकडे आहेत आणि मध्ये मध्ये बिनकामाचे दोन. ते दोन कापून उरलेले जोडावे लागतात. जनुकं अशी तुकड्यातुकड्यांची असू शकतात हे १९७७ मध्ये फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी दाखवलं, तोवर जिवाणूंवरून सगळ्यांनी सलग जनुकाचीच कल्पना केली होती. कापाकापी झाली, एका टोकाला टोपी आणि दुसऱ्या टोकाला शेपटी लागली की संदेशवाही आरएनए केंद्रकाच्या छिद्रातून बाहेर पडतो. इथे जास्त रेंगाळायला नको.

रायबोसोमच्या दारातल्या दोन चाळण्या

रेंगाळायचं ते इथे. इन्सुलिनच्या संदेशाची सुरुवात अशी आहे: एयूजी, जीसीसी, सीयूजी, यूजीजी. तीन-तीन अक्षरांचा एक कोडॉन. ए, यू, जी, सी या चार अक्षरांतून तीन-तीनचे ६४ कोडॉन बनतात. त्यातले ६१ मिळून २० अमिनो आम्लं सांगतात, उरलेले तीन ‘थांब’ म्हणतात. १९६१ मध्ये निरेनबर्ग आणि मथाई यांनी नुसत्या यू अक्षरांचा आरएनए पेशीच्या अर्कात टाकला आणि नुसत्या फिनिलअ‍ॅलानिनची साखळी बाहेर आली. संकेतलिपीचा पहिला शब्द असा उलगडला. हरगोबिंद खोराना यांनी ठरवून बनवलेले आरएनए वापरून पुढचे बरेच शब्द पक्के केले. निरेनबर्ग, खोराना आणि होली यांना १९६८ चं नोबेल मिळालं.

वरच्या चार कोडॉनचा अर्थ मेथिओनिन, अ‍ॅलानिन, ल्युसीन, ट्रिप्टोफॅन. समजा रायबोसोम तिसऱ्या कोडॉनवर, सीयूजीवर उभा आहे. त्याला ल्युसीन घेऊन येणारा वाहक आरएनए हवा. तो बोलावता येत नाही. आसपास डझनावारी प्रकारचे वाहक आरएनए गर्दीत धडपडत असतात आणि जो समोर येईल तो रायबोसोमच्या दारात शिरून बघतो. बहुतेकांची अक्षरं अजिबात जुळत नाहीत, ते लगेच निसटतात. अडचण होते ती जवळजवळ जुळणाऱ्यांची. सीसीजी ओळखणारा, प्रोलीन आणणारा वाहक घ्या. तीनपैकी दोन अक्षरं बरोबर. तो बऱ्यापैकी चिकटतो. फक्त पकडीच्या जोरावर निवड करायची तर असे तोतये सारखे आत घुसतील आणि मोठ्या प्रथिनांची जवळजवळ प्रत्येक प्रत चुकेल.

रायबोसोम काय करतो? तो वेळ काढतो. वाहक आरएनए एकटा येत नाही. त्याला धरून आणणाऱ्या प्रथिनापाशी जीटीपीचा, म्हणजे तुटला की ऊर्जा देणाऱ्या पदार्थाचा, एक रेणू असतो. अक्षरं जुळली की रायबोसोमची पकड किंचित आवळते आणि जीटीपी तुटतो. तोवरचा काळ ही पहिली चाळणी. चुकीचा वाहक तोवर निसटण्याची शक्यता जास्त, आणि त्याच्याबाबतीत जीटीपी तुटायलाही उशीर लागतो. जीटीपी तुटल्यावरही अमिनो आम्ल लगेच साखळीला जोडलं जात नाही. आणखी थोडा वेळ जातो. तेवढ्यात निसटण्याची दुसरी संधी मिळते. ही दुसरी चाळणी. आणि जीटीपी तुटून गेलेला असल्यामुळे निसटलेल्याला मागच्या दाराने परत येता येत नाही, पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

हिशोब करून बघा. एका चाळणीतून १०० चुकीच्यांपैकी एक सुटतो असं धरलं, तर लागोपाठच्या दोन चाळण्यांतून १०,००० पैकी एक सुटेल. प्रत्यक्ष रायबोसोमची चूक काही हजारांत एक ते १०,००० मध्ये एक याच पट्ट्यात असते. ही कल्पना जॉन हॉपफिल्ड यांनी १९७४ मध्ये आणि जॅक निनियो यांनी १९७५ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. मला ती या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. पेशीत ऊर्जा लागते ती गोष्टी जोडण्यासाठी, असं आपण ढोबळमानाने शिकतो. इथे मात्र ऊर्जा खर्च होते ती चुकीच्याला सुटण्याची आणखी एक संधी देण्यासाठी. अचूकपणा फुकट मिळत नाही. पेशी त्याची किंमत जीटीपीत मोजते.

पत्ता अंगावरच लिहिलेला

परीक्षेतल्या उत्तरांत हमखास दिसणारी एक चूक आता घेऊ. रायबोसोम दोन प्रकारचे असतात, मोकळे आणि आंतर्द्रव्यजालिकेला (पेशीतल्या पटलांच्या जाळ्याला) चिकटलेले, असं लिहिलं जातं. रायबोसोम एकाच प्रकारचे असतात. आज मोकळा असलेला रायबोसोम उद्या जालिकेवर असेल. तो कुठे जाणार हे त्याने हातात घेतलेला संदेश ठरवतो.

इन्सुलिन म्हणून ५१ अमिनो आम्लं शेवटी उरतात, पण रायबोसोममधून निघणारी साखळी ११० ची असते. तिच्या पहिल्या २४ अमिनो आम्लांकडे नीट बघा. त्यात ८ ल्युसीन आहेत आणि ६ अ‍ॅलानिन. ल्युसीनला पाण्याचा तिटकारा. तेलाचा थेंब पाण्यात जसा आकसतो, तशी ही अमिनो आम्लं पाण्यापासून तोंड लपवायला जागा शोधतात. त्यामुळे साखळीचं हे टोक रायबोसोमच्या बोगद्यातून बाहेर डोकावलं की एका फिरत्या कणाच्या खोबणीत जाऊन बसतं. त्या खोबणीच्या आतल्या भिंतीही पाणी टाळणाऱ्या असतात. या कणाचं नाव एसआरपी. तो बसला की रायबोसोमचं काम मंदावतं, जवळजवळ थांबतं.

एसआरपीला चिकटणारं प्रथिन जालिकेच्या पटलावर असतं. भटकता भटकता एसआरपी त्याच्याशी भिडतो आणि रायबोसोम, संदेश, अर्धवट साखळी असं सगळं लटांबर पटलापाशी अडकतं. आता सुटायची वेळ. एसआरपी आणि त्याचा जोडीदार दोघांपाशीही जीटीपी असतो. तो तुटला की दोघांची पकड सुटते आणि एसआरपी पुढच्या फेरीला मोकळा होतो. रायबोसोम मात्र पटलातल्या एका बोगद्याच्या तोंडावर बसलेला राहतो. काम पुन्हा सुरू होतं आणि उरलेली साखळी थेट जालिकेच्या आत उतरत जाते. ती उतरत असतानाच एक विकर ती २४ अमिनो आम्लं छाटून टाकतं. पत्त्याचं काम झालेलं असतं. लहान प्रथिनांना आत जायच्या आणखीही काही वाटा आहेत, पण हमरस्ता हा.

प्रथिनाचा पत्ता प्रथिनाच्याच क्रमात असतो, हे ग्युंटर ब्लोबेल आणि डेव्हिड साबातिनी यांनी १९७१ मध्ये सुचवलं तेव्हा तो निव्वळ अंदाज होता. ब्लोबेल यांनी पुढे परीक्षानळीत पेशीचे तुकडे पुन्हा जुळवून तो एकेक पायरीने सिद्ध केला. त्यांना १९९९ चं नोबेल मिळालं. केंद्रकात जाणाऱ्या, तंतुकणिकेत जाणाऱ्या प्रथिनांच्या अंगावरही असेच वेगवेगळे पत्ते असतात. पोस्टमन कोणी नाही. पत्ता ज्याच्या खोबणीत बसतो, तोच त्याला धरतो.

घडी बसते आणि एका अक्षराने बिघडते

आत उतरलेली साखळी आता ८६ अमिनो आम्लांची उरते. तिला प्रोइन्सुलिन म्हणतात. तिचा क्रम असा: आधी बी साखळी, मग सी पेप्टाइड नावाचा ३१ अमिनो आम्लांचा दुवा, मग ए साखळी, आणि दुव्याच्या दोन्ही टोकांना दोन-दोन अमिनो आम्लांची कापायची खूण. ३० आणि २ आणि ३१ आणि २ आणि २१, मिळून ८६. प्रोइन्सुलिन आहे हे डोनाल्ड स्टाइनर यांनी १९६७ मध्ये दाखवलं. त्याआधी ए आणि बी वेगवेगळ्या बनून मग जोडल्या जात असाव्यात असा समज होता.

इन्सुलिनच्या दोन साखळ्यांत मिळून सिस्टीन नावाची सहा अमिनो आम्लं असतात. जालिकेच्या आतलं वातावरण असं असतं की दोन सिस्टीन जवळ आली की त्यांच्यातल्या गंधकाच्या अणूंमध्ये पूल तयार होतो. सहांचे तीन पूल. पण कोणी कोणाचा हात धरायचा? सहा सिस्टीनांच्या तीन जोड्या १५ तऱ्हांनी लावता येतात आणि त्यातली एकच बरोबर. दुवा असल्यामुळे दोन्ही टोकं योग्य दिशेने एकमेकांसमोर येतात. चुकीचा पूल झालाच तर तो तोडून पुन्हा जोडायला मदत करणारी विकरं जालिकेत असतात. पुन्हा तेच: चिकटणं आणि सुटणं, बरोबर घडी सापडेपर्यंत. तयार इन्सुलिनचे तिन्ही पूल प्रयोगशाळेत तोडले, तर दोन सुट्या साखळ्या पुन्हा नीट जुळणं कठीण जातं. प्रोइन्सुलिन मात्र पुष्कळ सहज पूर्ववत घडी घेतं. छाटून टाकायच्या त्या तुकड्याचं मोल इथे कळतं.

ही घडी किती नाजूक आहे याचं एक उदाहरण मी विसरू शकत नाही. अकिता नावाचा एक उंदराचा वाण आहे. त्याच्या इन्सुलिनच्या एका जनुकात एकच अक्षर बदललेलं आहे, जी च्या जागी ए. त्यामुळे ए साखळीतल्या सातव्या जागी सिस्टीनऐवजी टायरोसीन येतं. बी साखळीतल्या सातव्या जागेवरच्या सिस्टीनचा जोडीदार हरवतो. त्या उंदरांना लहानपणीच मधुमेह होतो.

इथे थांबून विचार करा. उंदरांत इन्सुलिनची दोन वेगवेगळी जनुकं असतात, म्हणजे आई-वडिलांकडून मिळून चार प्रती. बिघडलेली एकच. तीन धडधाकट असताना मधुमेह का व्हावा? नुसती कमतरता हे उत्तर पुरत नाही. एकटं पडलेलं सिस्टीन गप्प बसत नाही. ते दुसऱ्या प्रोइन्सुलिनच्या सिस्टीनला धरतं, चांगल्या प्रतींनाही आपल्या गुंत्यात ओढतं. जालिकेत गोळे साचत जातात, पेशीवर ताण येतो आणि अखेर बीटा पेशी काम करेनाशा होतात, मरू लागतात. जनुकात बिघाड म्हणजे ‘ते प्रथिन नाही’ एवढाच अर्थ नसतो. कित्येकदा त्याचा अर्थ ‘चुकीचं चिकटणारं प्रथिन आहे’ असा असतो. माणसातही इन्सुलिन जनुकातल्या अशाच बदलांमुळे तान्ह्या बाळांना मधुमेह झाल्याची उदाहरणं आहेत.

गॉल्गीतून कणांकडे

घडी बसलेलं प्रोइन्सुलिन पुढे निघतं ते पटलाच्या बारीक पिशव्यांतून. हा मार्ग पहिल्यांदा डोळ्यांना दिसला जॉर्ज पलाडे यांच्या प्रयोगशाळेत, १९६० च्या दशकात. त्यांनी स्वादुपिंडाच्या पातळ चकत्यांना, त्यातल्या पाचक विकरं बनवणाऱ्या पेशींना, काही मिनिटं किरणोत्सारी अमिनो आम्लं दिली, मग साधी दिली आणि ठरावीक अंतराने चकत्या बघितल्या. सुरुवातीला खूण जालिकेत, थोड्या वेळाने गॉल्गीत, तास-दोन तासांनी साठवणीच्या कणांत. खुणेची लाट पेशीतून सरकताना दिसली. १९७४ चं नोबेल पलाडे, क्लॉड आणि द ड्यूव्ह यांना विभागून मिळालं.

पिशवी नेमक्या पटलाला जाऊन कशी मिळते? पिशवीवर एका तऱ्हेची प्रथिनं असतात आणि ज्या पटलाला मिळायचं त्यावर त्यांची जोडीदार. त्यांना स्नेअर म्हणतात. दोन्ही भिडली की दोरी वळावी तशी एकमेकांभोवती पिळत जातात आणि दोन पटलं इतकी जवळ ओढतात की ती एकजीव होतात. यासाठी बाहेरून ऊर्जा लागत नाही, पीळ बसण्यातूनच ती मिळते. ऊर्जा देणारा एटीपी लागतो तो नंतर, हा घट्ट पीळ उलगडून स्नेअर पुन्हा वापरता यावीत म्हणून. दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय हे कळलंच नसतं. पिशव्यांच्या या वाहतुकीसाठी शेकमन, रॉथमन आणि स्युडहॉफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं.

गॉल्गीतून निघणाऱ्या कणांत आतलं आम्ल वाढत जातं, पीएच साडेपाचच्या आसपास येतो. या आम्लात कापणारी विकरं नीट काम करतात. दुवा कापला जातो, इन्सुलिन आणि सी पेप्टाइड वेगळे होतात. इन्सुलिनचे सहा-सहा रेणू जस्ताच्या दोन आयनांभोवती जुळतात आणि त्यांचे बारीक स्फटिक बनतात. सी पेप्टाइड मोकळंच राहतं, पण त्याच कणात राहतं. म्हणून जेवढे इन्सुलिनचे रेणू बाहेर पडतात तेवढेच सी पेप्टाइडचे. टोचून घेतलेल्या इन्सुलिनमध्ये सी पेप्टाइड नसतं, त्यामुळे इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाचं शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय हे डॉक्टर रक्तातल्या सी पेप्टाइडवरून ओळखतात.

दार कधी उघडायचं

एका बीटा पेशीत असे साधारण १० हजार कण भरून तयार असतात. ते रक्तातली साखर वाढेपर्यंत थांबतात. साखर वाढली हे पेशीला कळतं कसं? साखर ‘मोजणारं’ असं वेगळं यंत्र नाही. ग्लुकोज पेशीत शिरतं, जाळलं जातं, तंतुकणिका जास्त एटीपी बनवतात. पेशीपटलावर पोटॅशियमची एक वाहिनी असते, तिला एटीपी चिकटतो. चिकटला की ती बंद होते. एटीपीला आपण ऊर्जेचं चलन म्हणून ओळखतो. इथे तो निरोप आहे.

पोटॅशियम बाहेर जायचं थांबलं की पटलाच्या दोन बाजूंमधला विद्युतदाब घटतो. तो घटला की कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असतं, त्यामुळे ते आत धावतं. कणांवरच्या एका प्रथिनाला कॅल्शियम चिकटतं, अर्धवट पिळलेल्या स्नेअरांवरचा अडसर सुटतो, पीळ पूर्ण बसतो आणि कण पटलाशी एकजीव होऊन आतलं सगळं बाहेर ओततो. मधुमेहावरची सल्फोनिलयुरिया वर्गातली औषधं याच पोटॅशियम वाहिनीला चिकटून ती बंद करतात. म्हणजे साखर वाढलेली नसतानाही ‘एटीपी भरपूर आहे’ असा निरोप जातो. त्या गोळ्यांनी कधीकधी रक्तातली साखर गरजेपेक्षा खाली का उतरते, तेही आता तुम्हाला स्वतःच सांगता येईल.

बाहेर आलेला स्फटिक रक्तात पोचतो. तिथला पीएच ७.४, जस्त अगदी विरळ. सहांचं टोळकं फुटतं आणि इन्सुलिनचा रेणू पहिल्यांदाच एकटा होतो. यकृताच्या, स्नायूच्या, चरबीच्या पेशींवरच्या ग्राहींशी, म्हणजे इन्सुलिनला धरणाऱ्या प्रथिनांशी, त्याची टक्कर होते आणि तो चिकटतो. ग्राहीचा आकार बदलतो, निरोप आत जातो. स्नायूच्या पेशीत त्या निरोपाने साखर आत घेणारी प्रथिनं, स्नेअरांच्याच मदतीने, पटलावर येतात.

मग पेशी तो ग्राही इन्सुलिनसकट गिळते. आतल्या पिशवीत आम्ल वाढतं, पकड सुटते. ग्राही बहुधा पटलावर परततो. इन्सुलिनचे तुकडे होतात. रक्तात आल्यापासून त्याचं निम्मं प्रमाण संपायला जेमतेम पाच मिनिटं लागतात. तीन पूल तुटतात, ५१ अमिनो आम्लं सुटी होतात, आणि त्यातलं एखादं ल्युसीन दुसऱ्याच कुठल्यातरी रायबोसोमच्या दारात, वाहक आरएनएच्या टोकाला धरलेलं, आपली अक्षरं जुळतात का ते बघत उभं असतं.